थांबल्या वेळेतला बांध

—तिकडं नका बघू, मॅडम. आसं एकदम मान फिरवून बघितलं की त्याला कळतं. हळूच बघा, टोपीआडनं. पांढरं डोकं, निळा शर्ट, हातात किटली — दिसला? त्योच निवृत्ती. माझा धाकटा भाव. बांधाच्या पल्याडचं रान त्याचं, आल्याडचं माझं, आन मधला बांध भानगडीचा, म्हनून तर तुमाला मोजनीला बोलावलंय. किटली कुनासाटी आनली आसंल सांगा बरं? तुमच्यासाटी. च्या पाजनार, पाजता पाजता गोड गोड बोलनार. घिऊ नका. तान लागली तर ही माझी कळशी हाय, पानी गार हाय. त्याच्या घरचं कायबी तोंडात घालू नका, निदान चुना पडंस्तवर तरी घालू नका.

मशीन काय म्हनतंय? वरनं रेंज यायचीय? येऊ द्या, घाई न्हाई. ती काठी ठिवा झाडाला टेकून — बशी न्हाई ना फुटायची वरची? — आन बसा. हितं बसा, लिंबोनीखाली, घोंगडीवर. लाजू नका, ऐसपैस जागा हाय. ही लिंबोनी आमच्या हिनं लावल्याली, लीलाबाईनं. माझी बायकू. आता न्हाई ती. ती असताना आमी हितं जेवाया बसायचो तर मी वर बांधाव आन ती खाली झाडाला टेकून, दोघांना यका सावलीत बसाया जागा पुरायची न्हाई, तिचा गुडघा माझ्या भाकरीला लागायचा. मी वराडायचो, ती हसायची. आता बघा, मी पाय ताणून आडवा बी होतो हितं. यकटा मानूस, जागाच जागा.

ऋचा म्हनला न्हवं तुमी नाव? आन गाव तळेगाव. तळेगावात कुटं? — न्हाई, सहज इचारलं. निवृत्तीची सासरवाडी तिकडंच, म्हनून इचारलं. वळख बिळख न्हाई ना? न्हाई म्हनता, बरं. पन मघाशी तुमी गाडीतनं उतरला तवा त्यानं हात जोडलं आन तुमीबी हात जोडलं, ते मी बघितलं. रीत आसंल. आसू द्या. मला मेलं सगळ्याचाच संशय येतो आसं आमचा ओंकार म्हनतो — माझा ल्योक, चाकणला कंपनीत हाय. म्हनतो आबा, सोडून द्या, बांधाची काय मोजनी करता, चुलता हाय माझा. चुलता हाय तर चुलत्यागत ऱ्हावा की! ते बघा, माझ्या पडवीच्या कडंला सिमेंटचे खांब रचल्यात. तारंची भेंडोळी बी आनलीय. तुमी चुना टाकला की मी आजच्या आज खड्डे घेनार, कंपाऊंड घालनार, आन त्या कंपाऊंडच्या पल्याड माझा भाव मेला. व्हय, आसंच म्हनतो मी. त्याच्या घरात लगीन आसो न्हाईतर मयत, आपलं पाऊल पडायचं न्हाई. एवढंच ऱ्हायलंय, तुमचा चुना.

बांध सरकतोय, मॅडम. तुमी म्हनाल पावसानं ढासळला आसंल. ढासळतो की! आमच्या मावळात पाऊस बांधाला थारा देतो का? दरसाल कुटं ना कुटं तोंड पडतं. पन ऐका. रातभर धो धो पडतो, सकाळी मी गुडघ्याला तेल लावून, फावडं खांद्याव टाकून येतो, म्हनलं तोंड बुजवावं — तर बांध बांधून तयार! वरनं फावड्याची पाठ मारून गुळगुळीत केल्याला. माती वली. कुनी केलं? मी केलं न्हाई. मंग ऱ्हायलं कोन? आता मला सांगा, दुसऱ्याचा बांध फुकट कोन बांधंल? जो बांध खातो त्योच बांधनार. जरा इकडं वढला, जरा तिकडं चोपला, आन दरसाल हातभर रान गिळलं. त्यो मधला भाग बघा — तितं, बरूबर आपल्या समूर — बांधाला प्वाट आलंय का न्हाई? आदी दोरीगत सरळ व्हता. आमच्या बापानं, श्रीपतीआबानं, वाटनी केली तवा वढ्याकडंला दगड पुरला, हितनं तितवर दोरी धरली, आन म्हनला, दोघंबी दोरीच्या भाईर बघायचं न्हाई. सरळ दोरीला प्वाट आपसूक येतं का?

बरं, त्याला कधी धरावं म्हनलं तर त्यो घावत न्हाई. मी काय कमी राखन करतो? जेवन झालं की हितं येऊन बसतो, ते दिवस मावळंस्तवर. नजर बांधाव. आन तरीबी! डोळा मिटावा आन उगडावा, एवढ्यात तिकडं वरंबा घातल्याला आसतो, पाट वळवल्याला आसतो, आन ह्यो गडी पार तिकडं म्हशीपाशी, जसं काय केलंच न्हाई. म्हनून मी — जरा जवळ सरका. मोठ्यानं बोलायची गोष्ट न्हाई. ओंकारला सांगितलं तर त्यो मला डाक्टरकडं न्यायचं म्हनला, म्हनून कुनाला सांगत न्हाई. आमचा निवृत्ती येळ थांबवतो.

हसा. हसा तुमी. झोप? कोन झोपतंय? माझा डोळा लागत न्हाई दुपारचा, निस्ता मिटतो. सावली सरकते? — आता बघा, शिकल्याली मानसं लगीच आडवं लावत्यात. येळ थांबली तर सूर्य बी थांबाया पायजे, सावली कशी सरकंल, आसंच ना? ते मला न्हाई म्हाईत, ते त्याला इचारा. त्याच्याकडं काय इद्या हाय ती त्यालाच ठावं.

पन तुमाला इचारतो, खरं सांगा. तुमाला जमलं आसतं, आसं बोट वर केलं की समदं थांबलं — ती पाखरं हवेत, ती मळवलीची लोकल रुळाव, समदी मानसं हाय तशी — तर तुमी काय केलं आसतं? ...निजला आसता. बघा, मोजनी करून करून दमताय बिचाऱ्या. ते समूरचे बंगलेवाले हायेत ना, शनिवारी येत्यात, गानी लावत्यात, त्यातला एक जन मला म्हनला, काका, हा संडे संपूच नये आसं वाटतं. संपूच नये! बासन घासनारी सविता तितंच उभी व्हती, ती म्हनली, मंग काय मी जल्मभर ह्यांची ताटं घासू? येळ कुना यकाची थांबत न्हाई, मॅडम. थांबली तर समद्यांची थांबनार, आन त्यात जो थांबला न्हाई त्यो मोकाट. आन मोकाट मानूस काय करंल? कुनी बघत न्हाई, कुनी बोलत न्हाई, कुनी इचारनार न्हाई. चोरीच करंल. दुसरं काय करंल? तुमी चांगल्या, तुमी निजाल. दहांतलं नऊ जन शेजारच्याचा बांध कोरतील. मी? माझं सोडा.

तुमाला खरं वाटत न्हाई ना? लहानपनीच मला कळाया पायजे व्हतं. आमी म्हशी घिऊन इंद्रायनीव जायाचो. यकदा पावसाळ्यात मी दगडावनं घसरलो ते थेट डोहात. पवाया येत न्हवतं मला. निवृत्ती पल्याडच्या काठाव व्हता, म्हशीच्या पाठीव, मला दिसला तसा — आन दुसऱ्या क्षनाला माझा हात त्याच्या हातात! मधलं पानी त्यानं कवा वलांडलं? कसं वलांडलं? माझ्याहून धाकटा, काडीगत पोर. मला भाईर वढलं, पालथं घातलं, आन घरी सांगू नको म्हनला, आबा मारतील. मी न्हाई सांगितलं. आज तुमालाच सांगतोय. म्हंजे बघा, तवापासनं त्याला येतंय ते. मला वाचवलं वगैरे ते ठीक, ते मी नाकारत न्हाई, पन पुरावा म्हनून सांगतोय.

आन त्याचं डोकं बघा. बघा आता, त्यो खाली वाकलाय. निस्ता कापूस! मी थोरला, माझं अजून आर्धं काळं हाय. कसं काय? मी लय डोकं खाजवलं ह्याच्याव. मंग यक दिवस हितं बसल्या बसल्या उलगडा झाला. त्यो येळ थांबवतो तवा आमी थांबतो, आमचं वय थांबतं. पन त्यो तर हिंडतोय, फावडं मारतोय, घाम गाळतोय. त्याचं वय चालूच! आमच्या यका दिवसात त्याचं दोन दिवस जात्यात. म्हनून त्यो आसा वाकलाय, म्हनून हाताला कापरं सुटलंय. भोग म्हनलं आपल्या कर्माची फळं. चोरीच्या येळंत म्हातारा झाला गडी.

आन चोरी यकट्या बांधाचीच न्हाई बरं का. औंदा भाताची लावनी केली, दरसाल टाकतो तेवढंच इंद्रायनी तांदळाचं रोप टाकल्यालं, दरसाल पुरतं. औंदा कोपरा उघडा ऱ्हायला, रोप संपलं! बाया म्हनल्या, आबा, रोप कमी पडलं. कमी पडंल कसं? मी त्यांच्यावर डाफरलो — म्हनलं कुनी नेलं, पदर झाडा. रागावल्या बाया, निम्म्या पुन्ना आल्या न्हाईत. कोपरा मंग रोप इकत आनून भरला. पन मी आता म्हनतो, बायांनी न्हाई नेलं, ह्यानंच नेलं. येळ थांबवायची, रोप उपटायचं, आपल्या खाचरात लावायचं. आन तरी देवाची करनी बघा, मळनी झाली तर माझं भात वरचढ निघालं! पोती कमी पडली, सुनंच्या जुन्या साडीत बांधून ठिवलं. शेनखत चांगलं पडल्यालं, दुसरं काय. त्यानं किती बी गिळलं तरी माझी जमीन मला उपाशी ठिवत न्हाई.

कवापासनं सरकतोय म्हनता? तुमी बरूबर इचारलं. ओंकार कधी इचारत न्हाई. ती गेली त्याच्या पुढच्या पावसाळ्यापासनं. लीलाबाई गेली, आमचं बोलनं तुटलं, आन बांध हालाया लागला. न्हाई, भांडन झालं न्हाई. भांडलो आसतो तर बरं. नका इचारू ते. त्याचा मोजनीशी काय संबंध?

...आयतवार व्हता. पाऊस आसा झोडपत व्हता, आन तुमाला ठावं हाय पावसाळ्यातला आयतवार आमच्याकडं कसा आसतो, समदं जग भुशी धरनात पाय बुडवाया येतं. सकाळी तिच्या छातीत कळ आली. निवृत्तीनं त्याची जीप काढली. तवा आमचं चांगलं व्हतं, बोलवायच्या आदीच आला त्यो, तेबी मला कळलं न्हाई कसा आला. मी मागं बसलो, तिचं डोकं मांडीव. हितनं लोनावळा किती लांब हाय? पन हमरस्त्याला लागलो आन म्होरं गाडीच गाडी. मागं गाडीच गाडी. कुनी हालंना. पोरं टपाव बसून कनसं खात व्हती. समदं थांबलं व्हतं, मॅडम — गाड्या थांबल्या, मानसं थांबली, म्होरच्या काचंवरचा वायपर बी बंद पडला — आन यकट्या तिचीच येळ चालू व्हती. ती म्हनली, पानी. मी म्हनलं, आता पोचतोय. मी निवृत्तीला वराडलो. म्हनलं, थांबव की रे! तुला येतंय, मला ठावं हाय, तू मला डोहातनं काढलं तवापासनं मला ठावं हाय, थांबव, हिचं थांबव, आपन हिला उचलून चालत नेऊ! त्यानं मागं वळून बघितलं. निस्ता रडाया लागला, स्टेरिंगवर डोकं ठिवून. आरं, मला वाचवताना येतं, आन तिच्या टायमाला येत न्हाई?

तेवढंच. त्यो रडला आन ती गेली. त्यानंतर मी त्याच्याशी शब्द बोललो न्हाई. दहाव्याच्या दिवसाला तिच्या पिंडाला कावळा शिवना, त्यानं हात जोडून कायतरी पुटपुटलं तवा शिवला — ते बी मला खपलं न्हाई. काय सांगितलं आसंल त्यानं तिला? मला इचारता ना, मी काय केलं आसतं? बांध कोरला नसता, मॅडम. त्यो आयतवार थांबवला आसता. जन्मभर त्या जीपमधी बसाया लागलं आसतं तरी थांबवला आसता. मांडीव डोकं ऱ्हायलं आसतं तिचं.

डोळ्यात कचरा गेला. वारं हाय. तुमचं मशीन वाजलं बघा. आली रेंज? चला मंग, उठा. वढ्याकडचा दगड मी मोकळा करून ठिवलाय, तितनं धरा. मी येतो मागनं, तुमी चाला म्होरं. — ए निवृत्ती, तितंच उभा ऱ्हा! जवळ यायचं न्हाई मोजनी हुस्तवर! — बघा, उभा ऱ्हायला. गरिबागत उभा ऱ्हातो. मारा खुटी. मारा फक्की. हां, सरळ, दोरीगत सरळ, आमच्या आबाच्या दोरीगत. मारत या. आता दिसंल जगाला किती गिळलं ते.

मॅडम, थांबा. कुटं निघाला? बांध तिकडं हाय. तुमी माझ्या रानात शिरताय. रेषा बांधाव जाया पायजे, न्हाईतर बांधाच्या पल्याड, त्याच्या रानात. तुमी आल्याड कशा आला? मशीन बिघडलं तुमचं. पुन्ना लावा. म्या म्हनलं ना, त्यानं हात जोडलं तवाच मला शंका आली व्हती, कायतरी ठरलंय तुमचं — बरं, बरं, न्हाई म्हनत. रागावू नका. लावा पुन्ना. दगड त्योच, व्हय, आबांचाच दगड, त्याच्यावर माझ्या हातची खूण हाय. दुसऱ्यांदाबी हितंच? घोंगडी उचलू? कशाला? घोंगडीवनं जातीय रेषा?

म्हंजे कसं? मला नीट सांगा, मला दमानं सांगा. लिंबोनी माझी. झाडाच्या बुडाला रेषा. आन ही रेषंपासनं तिकडं बांधापत्तुरची जमीन... त्याची. मी जितं बसतो ती त्याची. जितं आडवा होतो ती बी. बांध सरकलाय, पन —

प्वाट तिकडं हाय. बांधाचं प्वाट तिकडं हाय, त्याच्या रानात. मी रोज बघतोय त्याच्याकडं. प्वाट आलंय, प्वाट आलंय म्हनतोय, आन कुनीकडं आलंय ते बघितलंच न्हाई.

म्हनून रोप पुरलं न्हाई. म्हनून साडीत बांधलं भात. मी बायांचं पदर झाडाया लावलं.

लिंबोनी बांधाला घासून व्हती, मॅडम. बांध फुटला की तिचीच मुळं उघडी पडायची. त्यानं बांधताना दरसाल आपल्या अंगाला सरकवला. तिचं झाड वाचावं म्हनून, आन मला — मला बसाया जागा व्हावी म्हनून. मी हितं बसून त्याच्यावरच डोळं ठिवतोय हे दिसत व्हतं की त्याला! दिसत आसूनबी. दिवसभराचं सोताचं रान करून, वरनं माझा बांध. डोकं पार कापूस करून घेतलं. कुनी बघत न्हाई म्हनल्याव मानूस काय करंल — मीच मघाशी सांगितलं तुमाला काय करंल ते.

पुसा ती रेषा. पुसता येत न्हाई? मंग मी पायानं पुसतो. सही कुटं करायची ती मागनं करतो, आता न्हाई. खांबाचं? खांब ऱ्हाऊ द्यात तितंच, म्हशीच्या गोठ्याला लागतील. तुमी काठी उचला, मशीन उचला, आन निघा आता. न्हाई, च्या तुमाला न्हाई मिळनार. तुमी निघा. गाडीपत्तुर पोचवाया बी येत न्हाई मी, रस्ता सरळ हाय. मागं वळून नका बघू, मॅडम, जावा म्हनलं ना.

निवृत्ती... ए निवृत्ती. ये इकडं. किटली घिऊन ये. बांध वलांडून ये, काय हुत न्हाई.

हितं बस. सरकतो मी. हितं आता दोघांना जागा हाय.